उस्तादांचा जुना फिल्टर

उस्ताद,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी पाटोद्यातल्या तुमच्या फोटो स्टुडिओत बसलो की त्या फिल्टरवरून माझ्या पोटात अजून दुखतं. दहा वर्षं तुमचे लाईटचे स्टँड मी उचलले, आणि रोलच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसवायचा तुमचा लाडका पोलरायझर फिल्टर दिलात कुणाला, तर माझ्या जोडीला कालपरवा कामावर आलेल्या पोराला! म्हणालात, "याची नजर लई साफ हाय." मग माझ्या डोळ्यांत काय मोतीबिंदू होता? ती काच फिरवली की आभाळ गर्द निळं व्हायचं, घामेजलेल्या चेहऱ्यावरची चमक जायची. पण ती हातानं फोकस करायच्या जमान्यातली. त्यानं घरी नेण्याआधीच मी ती गुपचूप नव्या कॅमेऱ्यावर लावून पाहिली होती. लेन्स नुसती पुढं-मागं घरघरत राहिली, ऑटोफोकस धरेचना. उजेडही निम्म्याहून कमी झाला. काच काढली की सगळं सरळ. मी कुणाला बोललो नाही.

मग चौसाळ्याचं ते लग्न. भर दुपार, मांडवात सावली, आणि तुमचा हुकूम म्हणून तो पोरगा नव्या कॅमेऱ्याला फिल्टर लावूनच उभा. मंगलाष्टका संपत आल्यात. मी शेजारी व्हिडिओ घेतोय, आणि तो बटण दाबतोय, दाबतोय, फोकस धरत नाही, फोटो निघत नाही. "काच काढ बे," एवढं मी म्हटलं असतं तरी भागलं असतं; मी व्हिडिओच घेत राहिलो. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, त्याच्याकडं एक धड फोटो नाही. वऱ्हाडासमोर तुम्ही ओरडलात, "आंधळा हायस का बे? उद्यापासून येऊ नको." फिल्टर तुमच्या हातात देऊन तो खाली मान घालून गेला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी बुंदी मागून मागून खाल्ली.

शेवटच्या आजारपणात एका सकाळी तुम्ही कॅमेरा मागितलात, ती काच लावून लेन्स पुढं-मागं घरघरताना बराच वेळ बघत बसलात. "दोष काचेचा होता बे, त्याचा न्हाई. मीच लावायला सांगितलं. त्याला बोलव, मला माफी मागायचीय." उशाशी मी, पाय दाबणारा मी, आणि हवा होता तो! मी बाहेर जाऊन आलो, म्हणालो, फोन लागत न्हाई. चार दिवस तुम्ही विचारत राहिलात, मी तेच सांगत राहिलो. फोन मी केलाच नव्हता, उस्ताद.

हे पत्र खरं तर त्याला पाठवायला पाहिजे. पत्ता आहे माझ्याकडं. पण तुमची माफी त्याला मिळालेली माझ्याच्यानं अजूनही बघवणार नाही.