सतराचा पाना

शिरूर,
बुधवार, ६ जून २००७

प्रिय आप्पा,

जय भीम. अक्षर नीट आलेलं नाही. त्याचं कारण शेवटी लिहिते, आधी कामाचं. हे पत्र आणि एक पिशवी उद्या सकाळच्या दौंड गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. गॅरेजमधला आपला नवनाथ दौंड स्टँडवर उतरवून घेईल आणि तुमच्या हातात देईल. पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत मारुतरावांच्या गाडीचं बॉनेट उघडू नका.

नवनाथने काल फोनवर सांगितलं, की राहू गावच्या मारुतरावांची गाडी सोमवारपासून गॅरेजला उभी आहे आणि मिसिंग मारते आहे. तुम्ही म्हणालात, "गुरुवारी चालू इंजिनवर एकेक नट ढिला करतो, कळंल कुठला सिलिंडर मेलाय." मी त्याला म्हटलं, आप्पांना अडव. तासाभराने त्याचा परत फोन आला. तुम्ही हसलात म्हणे. "मॅडमला सांग, बत्तीस वर्सं नट ढिलं करतोय, आजून एक बोट कमी झालं न्हाई."

गुरुवार उद्या आहे. म्हणून लिहिते.

मी चौथीत असताना तुम्ही मला स्टुलावर उभं करून सतराचा पाना हातात दिला होता. "ढिला कर आन् कान दे. आवाज पडला तर त्यो सिलिंडर जिता, न्हाई पडला तर मेला." मग ढिल्या नटावर बोटाचं टोक ठेवायला लावायचात. डिझेलचे ठोके बोटाला लागायचे. "डाक्टर नाडी बघतो का न्हाई, तसं." आई ओरडायची, पोरीच्या हाताला डिझेलचा वास मारतो, हिला कोण करंल. तुम्ही म्हणायचात, "वास घेऊन बघणाऱ्याला द्यायचीच न्हाई." कुरकुंभ रस्त्यावर तुमच्याइतका कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो मी कॉलेजात शिकले नाही, त्या स्टुलावर शिकले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

जुन्या इंजिनात पंप प्रत्येक नळीत थोडं थोडं डिझेल ढकलतो. नळीचा नट ढिला केला की दाब तिथंच मरतो, डिझेल पाझरतं, बोटाला ठोका लागतो. मारुतरावांच्या इंजिनात तसं नाही. चारही नळ्या एका जाड नळीला जोडलेल्या आहेत आणि त्या नळीत दाब सतत भरलेला असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन बार हवा असते. या नळीत इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू असताना तीनशे बार, ॲक्सिलरेटर दाबला की सोळाशे. नट जरा सैल झाला तरी केसापेक्षा बारीक धार निघते. ती डोळ्याला दिसत नाही. चिंधीतून, हातमोज्यातून, कातडीतून सरळ आत जाते.

जानेवारीत तुम्ही मला विचारलं होतं, "ही नवी इंजिनं दहा वर्सं तरी टिकत्याल का गं?" प्रश्न चांगला होता. त्यावरच मी दोन वर्षं पगार घेते आहे. पण मी उत्तर दिलं नाही. मारुतरावांसमोर म्हणाले, "आप्पा, या इंजिनाला तुम्ही हात लावू नका, इथं कान चालत नाही." मारुतराव हसले. "सायबराव, लेकीनं तुमचं लायसनच जप्त केलं की!" तुम्ही पाना पुसलात, पेटीत ठेवलात आणि म्हणालात, "बरं हाय, मॅडम." तेव्हापासून फोनवर मी मॅडमच आहे. फोन उचलता, "कामात हाय" म्हणता आणि आईकडे देता.

तर उत्तर आता देते. रांजणगावला आमच्या कारखान्यात सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर दोन हजार तास चालवून उघडले. स्वच्छ डिझेलवर आतल्या सुईची झीज दोन मायक्रॉनच्या आत होती. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज घ्या. दहा वर्षं टिकायला हरकत नाही. पण गाड्यांमधून परत येणारे काही इंजेक्टर साठ हजार किलोमीटरलाच मेलेले असतात. उघडले की आत पाणी, गंज, नाहीतर रॉकेलने कोरडी पडून घासलेली सुई. मारुतरावांनी शेवंतीच्या मळ्यातल्या पंपासाठी ठेवलेल्या बॅरलमधलं डिझेल फडक्याने गाळून गाडीत ओतलं असणार. तसल्या फडक्याने पाणी अडत नाही. विचारा त्यांना. आधी नाही म्हणतील, मग "एकदोनदाच" म्हणतील.

पिशवीत चार सारख्या बाटल्या आणि चार पारदर्शक नळ्या आहेत. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरून उरलेलं डिझेल टाकीकडे नेणारी एक बारीक रबरी नळी जाते. तिच्यात दाब जवळजवळ नसतो. इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग त्या चार नळ्या काढून या जोडा आणि एकेक बाटलीत सोडा. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि लांब उभे राहा. ज्या बाटलीत सगळ्यांत जास्त डिझेल येईल, तो इंजेक्टर झिजलेला. लोखंडी नळीच्या नटाला इंजिन चालू असताना पाना लावायचा नाही. एकदाही नाही.

आता अक्षराचं. एकोणीस फेब्रुवारीला दुपारी सव्वाबारा वाजता आमच्या टेस्ट बेडवरचं इंजिन मिसिंग मारत होतं. संगणकाच्या पडद्यावर चारही सिलिंडर ठीक दिसत होते. माझा कान म्हणत होता, तिसरा. चालू इंजिनापाशी जायचं नाही असा नियम आहे. तो कागद मीच टाईप करून दारावर लावलेला आहे. मी आत गेले, सतराचा पाना उचलला, नट पाव फेरा ढिला केला आणि बोट ठेवलं. टाचणी टोचल्यासारखं वाटलं. रक्ताचा थेंबसुद्धा आला नाही. हात पुसून काम करत राहिले. सहाला बोट काळं पडलं होतं, पुण्याला पोचेपर्यंत नऊ वाजले. डॉक्टर म्हणाले, लगेच यायला हवं होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं काढली. अपघाताच्या फॉर्मवर कारण मीच लिहिलं, सवयीने. सवय कुठून लागली, असा रकाना नव्हता. असता तर मी तो कोरा ठेवला असता. इंजिन उघडल्यावर बिघाड तिसऱ्यातच निघाला, आप्पा. कान बरोबर होता.

चौदा एप्रिलला आले नाही, बुद्धपौर्णिमेलाही नाही. मी रुसले आहे असं तुम्हाला वाटू दिलं. हात दाखवण्यापेक्षा ते सोपं होतं. मला भीती होती, की हा हात बघून तुम्ही पुन्हा पाना उचलणार नाही. काल फोन ठेवला तेव्हा कळलं, की तो न दाखवल्यामुळेच तुम्ही उद्या पाना उचलणार आहात. आज संध्याकाळी स्टँडपर्यंत गेले होते. गाडी लागलेली होती. चढले नाही, खोलीवर परतले आणि हे लिहायला बसले. वर कंडक्टरचं लिहिलं आहे, ते खोडत नाही, पण त्या गाडीने मीच येते आहे. तोंडाने मला हे सांगता येणार नाही. पत्र तुमच्या हातात देईन आणि बाहेर बाकावर बसेन. वाचून झालं की नावाने हाक मारा. हात नंतर बघा, आधी दोघं मिळून बाटल्या लावू.

तुमचीच, स्टुलावरची
गौतमी