मापाचा चेंडू

आई, तुझ्या पाया पडतो.

फोनवर बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहितोय. मी मजेत आहे, जेवतोही वेळेवर.

रस्त्याच्या पायात भरायचे मोठे दगड आम्ही फोटोवरून मोजतो. ढिगावर ठरलेल्या मापाचा चेंडू ठेवायचा, त्यावरून कॉम्प्युटर एकेका दगडाचा आकार सांगतो. चेंडू नसला की खडा काय नि धोंडा काय, त्याला सारखेच. काल मी चेंडूच विसरलो. साहेबांनी झापलं.

लक्षच लागत नाही गं. तू पाठवलेला बाबांच्या मानेवरच्या गाठीचा फोटो सारखा उघडून बघतोय. ते म्हणतात बोराएवढी, ताई म्हणते लिंबाएवढी. डॉक्टरांना दाखवली का?

पुन्हा फोटो काढशील तेव्हा गाठीशेजारी त्यांच्या निळ्या शर्टाचं बटण धर. तसलाच शर्ट माझ्याकडे आहे. बटण मी मोजून ठेवलंय.

तुझा धाकटा