मागच्या चाकांतली हवा

३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी उठून सगळ्यांची विचारपूस केली. शेळ्या — बऱ्या. लंगडी कोंबडी — लंगडीच, पण तोंड चालू. माझा डावा गुडघा — कुरकुरतोय. उजवा — त्याचं बघून तोही. पिकअपचं पुढचं डावं चाक — ठणठणीत. पुढचं उजवं — ठणठणीत. मागची दोन्ही — अशक्त!

काल संध्याकाळी पायपंप मारून मारून पावणेतीन बार भरली होती. शेवटी शेवटी तर पंपच मला उलटा ढकलत होता. आज मीटर लावलं — पावणेदोन. दोन्हींत. रात्रीत हवा काय पाय फुटून गेली?

४ ऑक्टोबर

पाय कुणाचे ते ठाऊक आहे. सेआबेलो. माझा दीर. रस्त्याच्या कामावर ग्रेडर चालवतो, म्हणून स्वतःला चाकांचा डॉक्टर समजतो मेला!

डाव न कळायला मी काही काल जन्मले नाही. वर पाण्याची भरली पिंपं, खाली कमी हवा — चाक तापणार, फुटणार. मग सगळे म्हणायला मोकळे, म्हातारीनं गाडी मोडली. हे गेल्यावर ह्यांच्या मामांनी वाटणीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगूनच ठेवलंय — "गाडी तूर्त हिच्याकडे राहू दे. मोडली तर सेआबेलोकडे जाईल." म्हणजे वाट बघत बसलाय. गिधाडासारखा.

रानातल्या गुरांच्या तळावरच्या बोअरचं इंजिन बंद पडल्यापासून गुरांना पाणी मी नेते. दवाखान्याला बायका मी नेते. गाडी गेली तर मी चुलीपुढं राख फुंकत बसू?

पुन्हा भरली. पावणेतीन. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर छापलंय — भरल्या गाडीला मागे पावणेतीन. मला वाचता येतं. चाळिशी उलटल्यावर शिकले, पण शिकले.

५ ऑक्टोबर

पावणेदोन. भरली.

६ ऑक्टोबर

तळावर पाणी घेऊन गेले. सोबत शेजारीण म्मा-सेडी. वाळू लागली तशी उतरले आणि चारही चाकं दीडवर आणली — आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, वाळूत हवा उतरवायची. तरी रुतले! खालच्या टेकाडावर, एकदा नाही, दोनदा. खोऱ्यानं उपसून उपसून कंबर गेली.

म्मा-सेडी सावलीत बसून तळलेल्या माग्विन्या खात होती. मला म्हणते, "अगं, तुझे टायर मधोमधच टकले झालेत, कडेला मात्र केस आहेत. अगदी माझ्या नवऱ्यासारखे!"

"म्हातारे झालेत," मी म्हटलं.

"मग दीडवर रुतते कशी गं? माझा भाचा दीडवर नुसता पोहत जातो."

नजर लागलीय. दुसरं काय! आणि नजर कुणाची तेही लिहायला नको. येताना कच्च्या रस्त्यावर उठलेल्या लाटांवर गाडी अशी उडली की म्मा-सेडीची चार अंडी फुटली. त्याचंही पाप त्याच्याच माथी!

९ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेत मन लागलं नाही. वाटणीचा दिवस आठवत राहिला.

सुतकाचं वर्ष संपलं. माझे काळे कपडे उतरले आणि मामांनी ह्यांच्या वस्तू अंगणात मांडल्या. कोट, टोपी, खोगीर, दोन घोंगड्या. मामा म्हणाले, "सेआबेलो, धाकटा भाऊ तू. पहिलं तू उचल." सगळे बघताहेत. आणि हा काय म्हणाला? "मला फक्त ते हवेचं मीटर द्या."

माझ्या गळ्यातलं! दोरीत ओवून मी वर्षभर घातलेलं. कोट नको, खोगीर नको, नेमकं तेच! कशाला? ग्रेडरवाल्याकडे मीटरं काय कमी आहेत? माझ्या गळ्यात आहे म्हणून हवं.

मी म्हटलं, "मान काप आणि घे."

तो म्हणाला, "वहिनी, त्या मीटरचं जरा—" पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

ह्यांचा जीव होता त्यावर. एकदा पाण्याचं भरलं पिंप घरंगळून त्याच्यावर आलं. काचेला तडा गेला, काटा शाबूत! हे हसले — "माझ्यासारखंच चिवट आहे बघ." त्याच थंडीत हे गेले. मीटर राहिलं. ते मी त्या चोराला देऊ?

११ ऑक्टोबर

पकडला!

फटफटलं तशी मी पाण्याच्या टाकीमागं दबा धरून बसले. आला. चाकापाशी उकिडवा बसला. काडी घातली वाल्वमध्ये — फुस्स! मधेच थांबून मुठीतलं काहीतरी चमकतं लावून बघतोय. पुन्हा फुस्स. एवढी नाजूक चोरी मी जन्मात पाहिली नाही. दाईनं बाळ धुवावं तसं!

"काय रे सटव्या!"

दचकून उभा राहिला. मुठीतलं खिशात टाकलं. "उठलीस होय वहिनी? गुडघा कसा आहे?"

"माझा गुडघा तुझ्या पेकाटात बसायच्या आत सांग — कुणी सांगितलं हे करायला?"

"कुणी नाही."

"मला मारायचंय?"

तेव्हा मात्र तोंड पडलं त्याचं. "असं नको ना बोलूस," म्हणाला, आणि निघून गेला. चोराला चांदण्याचा राग, तशी गत!

उद्या चावडीवर जाते. खोसींना सांगते. गावाचे प्रमुख आहेत, हवा चोरणाऱ्याचं काय करायचं ते तेच सांगतील.

१४ ऑक्टोबर

चावडीला निम्मं गाव लोटलं. हवेचा खटला कुणी कधी ऐकलाय? मागून एक जण ओरडला, "चोरलेला माल हजर करा!" हसा, लेको हसा.

खोसींनी मला विचारलं, "म्मा, मागच्या चाकांत किती हवा हवी तुला?"

"पावणेतीन. पट्टीवर आहे तेवढी."

मग त्याला विचारलं, "सेआबेलो, तुझ्या मते किती हवी?"

"पावणेतीन," तो म्हणाला.

चावडी पोट धरून हसली. खोसीही हसले. "अरे मग भांडण कशाचं? सोडतोस कशाला मग?"

हा मान खाली घालून उभा. मामा ओरडले — बोल की! शेवटी बोलला तेही काय — "माझा भाऊ आता जाब द्यायला नाही. त्याच्याविरुद्ध मी चावडीवर बोलणार नाही."

ऐकलंत? ह्यांचा काय संबंध! मेलेल्या माणसाआड लपायचं! मी तिथंच थुंकले. खोसींनी दटावलं मला, पण निकाल माझ्या बाजूनं दिला: सेआबेलोनं गाडीला हात लावायचा नाही. रस्त्याच्या कामावरून रजा घ्यायची आणि पाऊस पडेपर्यंत तळावर राहून गुरं सांभाळायची.

एका शब्दानं वाद घातला नाही. जाताना जवळ आला. "वहिनी, डांबरी रस्त्यावर उन्हाची जाऊ नकोस. एवढं ऐक."

मी पाठ फिरवली.

१५ ऑक्टोबर

गेला. सुंठीवाचून खोकला गेला! सांजेला भरली — पावणेतीन.

१६ ऑक्टोबर, रविवार

विचारपूस. चारही चाकं ठणठणीत! मीटर पावणेतीन म्हणजे पावणेतीन. बघा — चोर गेला की घर कसं शांत राहतं.

१९ ऑक्टोबर

ऊन नुसतं भाजतंय. गाडीत बसलं की दात वाजतात, पाठ मोडून येते. दिकेलेदी — माझी लेक — सुट्टीवर आलीय. म्हणाली, "आई, गाडी आहे की दगड?" मी म्हटलं, चिवट आहे. बापावर गेलीय.

२२ ऑक्टोबर

 घडलं तसं लिहिते.

दिकेलेदीला कांग गावाला सोडायला निघाले. मागे म्मा-सेडी आणि दोघी बाळंतिणी, पोरांसकट. डांबरी रस्ता, भर दुपार. बंदुकीसारखा आवाज झाला. मागचं उजवं! गाडी सापासारखी वळवळली, रस्ता सोडून काटेरी झुडपांत घुसली. उलटली नाही. का नाही, ते देवाला ठाऊक. तान्ही रडत होती — रडत होती म्हणजे जिवंत होती. म्मा-सेडीचं मनगट मोडलं. दिकेलेदीच्या कपाळाला चार टाके.

लॉरीवाल्यानं कांगपर्यंत ओढत नेली. मी टायरवाल्याला म्हटलं, माझ्या दिरानं हवा काढली असणार, तळावरून येऊन. काहीही बोलत होते.

त्यानं फाटलेल्या टायरवरून हात फिरवला. मग दुसऱ्या मागच्या चाकाला मीटर लावलं. "आजी, यात पावणेचार आहे. लॉरी समजून भरली का?"

"पावणेतीन आहे! हे बघ." गळ्यातलं काढून लावलं. पावणेतीन.

त्यानं दुसरं मीटर आणलं. पावणेचार. शेजारच्या दुकानातून तिसरं मागवलं. पावणेचार.

त्यानं ह्यांचं मीटर फडक्यानं पुसून माझ्या हातात परत दिलं. हळू. जखमी पाखरू द्यावं तसं.

२३ ऑक्टोबर

दिवसभर अंगणात बसून आहे. एकच हिशेब. मीटर पावणेतीन म्हणतं तेव्हा पावणेचार असते. म्हणजे रोज सकाळी ते पावणेदोन म्हणायचं, तेव्हा आत पावणेतीन असायची.

पट्टीवर छापलेली. मी मागत होते ती. रोज, माझ्या शिव्या खाऊन, तेवढीच ठेवून जायचा. ना जास्त, ना कमी.

आणि वाटणीत मीटर का मागितलं, चावडीवर ह्यांच्या मीटरला खोटं का म्हणाला नाही, तेही आता कळलं.



२४ ऑक्टोबर

म्मा-सेडीचा भाचा तळाकडे निघालाय. तिथे फोन लागत नाही, म्हणून त्याच्याकडे चिठ्ठी दिली, आणि फडक्यात बांधून ह्यांचं मीटर. आधी इथे लिहून पाहिली, मग तशीच उतरवली:

सेआबेलो, तुझ्या वाटणीची वस्तू पाठवतेय. तुला घ्यायला मला तळावर यायचंय. वाळूत किती हवा ठेवू? लवकर लिहून कळव.