सहाशेचा कार्बुरेटर

मेडफर्ड, ऑरेगन
१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार

प्रिय व्हर्नमामा,

या पत्रामागून एक खोकं येईल. खोकं आधी पोचलं तर तसंच ठेव, आधी हे वाच. तू बरा असशील, ओपलमामीचे गुडघेही बरे असतील असं धरून चालतो. मी बरा आहे. अक्षर तेच, कोंबडीने उकरल्यासारखं. शाळेने माझ्यावर फार वेळ घालवला नाही हे तुला माहीतच आहे.

इथे नासपतीच्या शेडमध्ये काम आहे. एकेक नासपती पातळ कागदात गुंडाळायची, देठ आत, शेपटीसारखा पीळ मारायचा. बायका मिनिटाला चाळीस करतात. मी अकरा करतो आणि त्यातल्या दोन फाडतो. त्याआधी नेवाडात गवताचे भारे उचलले, त्याआधी आयडाहोत बटाटे. दीड वर्षात सात गावं झाली. जिच्याकडे राहतो त्या बाईंचा कुत्रा तीन पायांचा आहे. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबून विचार करतो. रोज मी त्याच्या मागे अडकतो आणि कामाला उशिरा पोचतो. असो, कुत्र्याचं काय काढलं मी.

मामीचं पत्र आलं. आईकडून पत्ता घेतला म्हणे. तू भंगारवाल्याकडून एक सहाशेचा कार्बुरेटर आणलास आणि दर शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो खोलतोस, जोडतोस, परत खोलतोस. नव्या वायसरांचे आणि पडद्यांचे तीन संच संपवलेस. टेबलावर ताटं मांडायला जागा नाही, दोघं ओट्याशी उभं राहून जेवतो, असं तिने लिहिलंय. शेजारच्याचं गवत कापायचं यंत्रसुद्धा तू परत पाठवलास, या हातांना आता काही देऊ नका म्हणून. मामीने बाकी काही विचारलेलं नाही. फक्त शेवटी लिहिलंय, 'तो चूक शोधतोय आणि ती त्याला सापडत नाही.'

ते पत्र आठ दिवस खिशात होतं. रोज शेडमध्ये जायचो आणि यायचो.

मामा, तुला तो मिल्कशेक आठवतो का? तुझा ड्वेन पंधराचा, मी सोळाचा. त्याच्या गाडीत इंजिन नुकतं बसलं होतं आणि आम्ही दोघं मासिकांत तोंड खुपसून मोठ्यात मोठा कार्बुरेटर शोधत होतो. तू आत गेलास. दोन मिल्कशेक आणलेस. एक स्ट्रॉने प्यायला दिलास, दुसऱ्यात बागेच्या नळीचा तुकडा घातलास आणि म्हणालास, ओढा. आम्ही गाल दुखेपर्यंत ओढलं. नुसती हवा आली. तू म्हणालास, "इंजिनाचंही असंच होतं. भोक मोठं असलं की ओढ मरते, मग पेट्रोल उचललं जात नाही." मग गॅरेजच्या भिंतीवर खडूने गणित मांडलंस. इंजिन साडेतीनशे घनइंचांचं, मिनिटाला फेऱ्या साडेपाच हजार. उत्तर आलं, मिनिटाला पाचशे सत्तावन्न घनफूट हवा. त्याखाली दोन रेघा मारल्यास आणि सहाशेचा घेतलास. मी विचारलं होतं, मग रेसवाले साडेआठशेचा का लावतात? तू म्हणालास, "त्यांना चौकात थांबावं लागत नाही."

तो आकडा अजून भिंतीवर असेल. की पुसलास?

मी जे सांगायला बसलोय ते असं. त्या दिवशी गाडीवर तुझा कार्बुरेटर नव्हता. ड्वेनला मोठा हवा होता. जत्रेच्या मैदानावर जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो, तिथे एका रेसवाल्याकडे साडेआठशेचा मिळाला आणि आम्ही तो घातला.

थकलो. उरलेलं उद्या.

बुधवार

काल लिहिलेलं परत वाचलं. एक वाक्य खोटं आहे. ड्वेनला मोठा हवा नव्हता. तो तुझ्या सहाशेवर खूष होता. चौकात दिवा हिरवा झाला की गाडी अशी उचलायची की त्याच्या टोपीचा पुढचा भाग वर जायचा, आणि तो दर वेळी हसायचा. मोठा मला हवा होता. मी त्याला बाजारभर छेडत फिरलो. "बापाचा कार्बुरेटर," म्हणालो. "म्हातारे लोक चर्चला जायला लावतात तो." चार पोरं उभी होती, ती हसली. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्याने पाकीट काढलं.

तू आणि मामी तिच्या बहिणीकडे गेला होतात तो रविवार. दुपारी तासाभरात बदलला. वरचं क्रोमचं झाकण तेच ठेवलं, त्यामुळे बॉनेट उघडलं तरी काही दिसलं नसतं. आवाज वेगळा होता. पण पत्रे ठोकायच्या त्या कारखान्याने तुझे कान कधीच नेले होते, ते आम्ही दोघांनीही मनात धरलं होतं. बोललो नाही, पण धरलं होतं. तुझा सहाशेचा मी गोणपाटात गुंडाळून गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीजच्या मागे ठेवला.

महामार्गावर मोकळी सुटली की गाडी वाऱ्यासारखी जायची. पण थांबलेल्या गाडीला एकदम पाय दिला की घशात घास अडकल्यासारखी खोकायची आणि क्षणभर मरायची. मग उसळायची. ड्वेन दुसऱ्या दिवशीच म्हणाला, परत जुना लावू या. मी म्हणालो, सवय होईल. त्याला खरंच सवय झाली. चौकात तो पाय हळूहळू द्यायला लागला, अंडं ठेवल्यासारखा. असे दहा दिवस गेले.

मग तो शनिवार.

तुला जे माहीत आहे ते सगळं खरं आहे. धान्याच्या कोठाराजवळची 'थांबा'ची पाटी, मक्याचा ट्रक, गाडी रस्त्याच्या मध्यावर बंद पडली. पोलिसाला मी तेवढंच सांगितलं, 'गाडी मध्येच मेली.' त्यात खोटं काही नव्हतं. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, म्हणून त्यांनी मला जास्त विचारलं नाही.

ड्वेनला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, बटाट्याची कोशिंबीर, ती हिरवी जेली. तू पाद्रीबाबांच्या समोर उभा होतास, ताट हातात, खात नव्हतास. तू म्हणालास, "आदल्याच महिन्यात मी कार्बुरेटर खोलून पुन्हा जोडला होता. पाय दिला की पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप असतो ना, त्याचा रबरी पडदा मी उलटा बसवला असणार. माझ्याच हाताने." पाद्रीबाबा म्हणाले, व्हर्न, तसं नसतं. तू म्हणालास, "तसंच असतं. मी चाळीस वर्षं हेच करतोय."

मी तीन पावलांवर होतो, मामा. माझ्या तोंडात कोशिंबीर होती. ती मी गिळली आणि आणखी घ्यायला गेलो.

गाडी भंगारवाल्याने आठवड्यातच दाबून टाकली. तू बघायला गेला नाहीस. गेला असतास तर एका नजरेत कळलं असतं. तू जाणार नाहीस हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. खरंच वाटलं होतं. सोमवारी फ्रीजमागून गोणपाट काढलं, पिशवीत घातलं आणि बस पकडली. सगळे म्हणाले, पोराला दुःख सोसवलं नाही.

तेव्हापासून तो माझ्याबरोबर आहे. बसमध्ये पिशवी उचलणारे विचारतात, हिच्यात काय लोखंड भरलंयस का. विहिरीत, नदीत, कुठेही टाकता आला असता. स्नेक नदीच्या पुलावर एकदा काढलाही होता. टाकला नाही, आणि का ते मला सांगता येत नाही.

आता खोकं उघड. आत तुझा सहाशेचा आहे. पंपाच्या झाकणाला चार स्क्रू आहेत आणि चारही डोक्यांवर मामीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. काम झालं, आता हात लावायचा नाही, अशी तुझी खूण. एकही ठिपका तडकलेला नाही. दीड वर्षात मी त्याला पान्हा लावलेला नाही. पडदा सुलटा आहे की नाही मला माहीत नाही आणि मला बघायचंही नाही. तू बघ. मामीला शेजारी बसव आणि मग बघ. माझी खात्री आहे की सुलटा आहे. पण उलटा असला तरी तो त्या दिवशी फ्रीजच्या मागे होता, मामा. तो त्या गाडीत नव्हता.

एक राहिलं. हे कुणालाच माहीत नाही.

ड्वेन थांबला होता. ट्रक त्याला दिसला होता. आधी ट्रक जाऊ दे, म्हणून त्याने ब्रेकवर पाय ठेवला होता. मी म्हणालो, "बापासारखा काय बसलायस? दाब." त्याने माझ्याकडे बघितलं. आणि दाबलं.

टेबल मोकळं करा. दोघं बसून जेवा. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, नाव काढलं नाहीस तरी चालेल. आईला तू सांग, मला तिला लिहायला जमत नाहीये. शेडचा हंगाम महिनाअखेरपर्यंत आहे, तोपर्यंत याच पत्त्यावर आहे. तू ये म्हणालास तर येईन आणि समोर उभा राहीन. नाही म्हणालास तर तेही बरोबरच असेल.

'तुझा लाडका भाचा' असं लिहायचो पूर्वी. आता तसं लिहवत नाही.

ड्वेनच्या शेजारच्या सीटवर बसलेला,
वेंडेल