लाल धाग्यांची अंडी

ता. ५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस काकाचे अनेक आशीर्वाद.

मी पाठवलेली अंडी कोंबडीखाली ठेवून आठवडा झाला. आता प्रयोग. स्वयंपाकघराची खिडकी लावून अंधार कर. हात कोरडे हवेत. अंड्याचा जाड भाग टॉर्चवर टेकव. आत लाल धागे दिसले तर पिल्लू धरलं आहे. नुसतं पिवळं दिसलं तर नाही. अंडं लगेच परत ठेव, गार होऊ देऊ नकोस. पाडू तर मुळीच नकोस. पिल्लं निघाली की मी लाँड्रीतली नोकरी सोडून येणार आणि परसात खुराडं बांधणार. तुझ्या बाबांनी कबूल केलं आहे.

तुझा, काळजीखोर काका

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझी अंडी सगळी नासली, टाकून दिली. कोंबड्यांचं खूळ आता डोक्यातून काढ. लाँड्रीचे मालक दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून मागताहेत ना, मग देऊन टाक. वहिनी आठवण काढते.

तुझा दादा

ता. ८ मार्च

ती. काकास शि. सा. न.

मी लाल धागे बघितले! दोनच अंडी पिवळी होती. पण बाबा म्हणाले, लाल म्हणजे नासलेलं. काकाची शाळा सातवीत सुटली, त्याला काय विचारतेस. मग टोपली कोंबडीसकट शेजारच्या शिंपीकाकांना दिली. पंधरा दिवसांपूर्वी तिथे पिल्लं निघाली. एक माझ्या चपलेवरच बसलं. नासलेल्या अंड्यातून पिल्लू निघतं का? आई म्हणाली काकाला कळवू नकोस. पण प्रयोग तुझा ना, म्हणून विचारते.

तुझी भिंगरी

ता. १२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

भिंगरीला रागावू नका. तिने प्रयोगाचं उत्तर मागितलं, चहाडी केली नाही.

तुमच्या शब्दावर मी मालकांना दोन वर्षांचं लिहून दिलं. मी घरी नको होतो, तर तसं कळवायचं होतं. वाईट वाटलं असतं, पण समजलो असतो. तुम्ही ‘नासली’ लिहिलंत, आणि मी रोज इस्त्री फिरवताना माझंच काय चुकलं ते शोधत राहिलो. टोपलीत भुसा कमी पडला का? वाटेत हिसके बसले का? वहिनींनाही ठाऊक होतं, हे अजून पटत नाही.

भिंगरीला वेगळं पत्र टाकलं आहे. ‘तुला दिसलं ते बरोबर होतं’, एवढंच त्यात आहे. मग बाबा तसं का म्हणाले, हे ती तुम्हालाच विचारेल. मला दिलंत तसं उत्तर तिला देऊ नका.

तुम्हाला दर पत्राखाली ‘लोभ असावा’ लिहितो. आज हात धजत नाही.

धाकटा