काही खाल्लंय का पोरीनं?

मंगळवार, २१ नोव्हेंबर. अमरावती.

हात दोनदा धुतले, तरी संत्र्याचा वास जात नाही. त्या वासानंच आज निभावलं.

वरूडची पूनम, वय तीन. व्यापारी आला नाही म्हणून दारात उभ्या असलेल्या संत्र्यांच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडली. स्कॅन लगेच हवा, आणि पोरगी हातपाय झाडतेय. गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, तर पोट रिकामं पाहिजे. गुंगीत उलटी झाली तर थेट श्वासनळीत. मी आईला विचारलं, "काही खाल्लंय का?"

"सकाळपासून काईच नाई, मॅडम."

सिरिंज भरली. पोरीचा हात धरला, तर बोटांना संत्र्याचा वास!

"चार-पाच खाल्ले असतीन," आई म्हणाली. "संत्र का खानं असते का मॅडम? ते तं दिवसभर चालूच राह्यते."

सिरिंज ठेवून दिली. टेक्निशियन वैतागला. वैतागू दे. पूनमला चादरीत घट्ट गुंडाळलं, आईला शिशाचा एप्रन चढवून जवळ उभं केलं. तिसऱ्या खेपेला स्कॅन नीट आला. डोक्यात रक्तस्राव नाही.

पण आईवर ओरडले मी. का? चूक माझ्या प्रश्नाची होती. उद्यापासून एकेक नाव घेऊन विचारणार: दूध, चहा, बिस्कीट, संत्रं. कितीही घाई असली तरी.

आत्ताच अकोल्याहून माझ्या आईचा फोन आला. "काई खाल्लं का तू?"

"कुठलं! सकाळपासून काहीच नाही."

फोन ठेवला. समोर पूनमच्या आईनं दिलेल्या तीन संत्र्यांच्या साली.