आठ दिवसांनी पुन्हा मोजलेली बोटं

सांगली, मंगळवार

तीर्थस्वरूप सयाजीमामा,

तुमच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवते (हल्ली मला माणसांचे पायच आधी दिसतात, तोंड नंतर). गुडघा कसा आहे? मामी तेल लावून देतात ना? फोनवर तुम्ही "बरं, ठीक हाय" म्हणून अर्ध्या वाक्यात ठेवून देता, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. झोप लागते, जेवण जातं, फक्त प्रबंध पुढे जात नाही.

तुमच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. (आईवर आहे. तीच म्हणाली, मामाच्या गावच्या शाळेत जा, तो सगळं बघून घेईल. तुम्ही खरोखरच सगळं बघून घेतलंत.)

माझं काम पुन्हा एकदा सांगते, कारण त्या दिवशी तुम्ही पोरांना रांगेत उभं करण्यात गुंतला होतात. मुलांच्या पायाच्या बोटांत किती जोर आहे, ते माझं यंत्र मोजतं. पोरानं खुर्चीत बसायचं, पाऊल पाटावर ठेवायचं, बोटांनी पट्टी ओढायची, की आकडा येतो. या आकड्यावर भरवसा ठेवता येतो का, एवढंच मला सिद्ध करायचंय. त्यासाठी त्याच पोराला त्याच खुर्चीत आठ दिवसांनी पुन्हा मोजायचं, आणि आकडा जवळपास तोच यायला हवा. तोच, मामा. वाढलेला नव्हे.

पहिल्या दिवशी निम्म्या पोरांना गुदगुल्या झाल्या, एकानं बोटांऐवजी अख्खा पाट उचलला, आणि "जोर लाव रं" असं ओरडायचं नाही म्हटल्यावर गुरुजी रुसून बसले. तरी चाळीस आकडे हाती आले. मग चुकलं ते माझंच. तुमच्या ओसरीवर चहा घेताना मी कागद उघडा ठेवला. तुम्ही चष्मा लावून आपल्या शंभूचा आकडा शोधलात. नातू सगळ्यांत खाली. त्याची पावलं सपाट (भरतीत तसली चालत नाहीत), आणि तुमच्या गावात घरटी एक फौजी. "परत कवा मोजनार?" तुम्ही विचारलंत. आठ दिवसांनी, मी म्हटलं. "म्हंजी रिमेडिकल," असं म्हणून तुम्ही उठलात. मला तिथंच कळायला हवं होतं. भरतीच्या तपासणीत नापास झालेल्या पोराला पुन्हा तपासतात ती रिमेडिकल, आणि मधल्या दिवसांत सारं घर त्याच्यासाठी जिवाचं रान करतं.

तसंच तुम्ही केलंत. रोज सकाळी शाळेच्या मैदानात चाळीस पोरं अनवाणी, बोटांनी टॉवेल ओढतायत, बेदाणे उचलून वाटीत टाकतायत (बेदाणे खास तासगावचे, आणि उचललेला प्रत्येक बेदाणा धुऊन खायची मुभा!). मला कुणी कळवलं नाही. मी आले तेव्हा पोरं पायाची बोटं मोडत तयारच बसली होती. एकोणचाळीस आकडे वाढले. मामींनी "लय भारी झालं गं, समदी पास!" म्हणून पेढा भरवला. तो खाल्ला आणि एसटीत कराडपर्यंत रडले. आमच्या मॅडमनी कागद बघून एवढंच विचारलं, "यंत्र बिघडलंय की गाव?" महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर माझं वर्ष जाईल, मामा. आणि दुसऱ्या गावात नवी चाळीस पोरं शोधायचं त्राण आता माझ्यात नाही.

असो. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची दमलेली भाची,
शिवांजली

ता. क. किती वर्षांत तुम्ही सांगलीला आला नाहीत! शनिवारीच निघा, चांगले दहा दिवस राहा.

ता. क. २. खोटं कशाला बोलू? मॅडमनी शेवटची संधी दिलीय. येत्या सोमवारी एकदा आणि त्यापुढच्या सोमवारी एकदा मोजायचंय. मधले आठ दिवस तुम्ही गावात नकोत. उरलेले बेदाणेही घेऊन या.

ता. क. ३. शंभूला मात्र आणू नका, आणि त्याला बोलूही नका. एवढे टॉवेल ओढूनही त्याचा आकडा दोन्ही वेळा तोच आला. चाळिसांत त्या एकट्याच्या नावापुढे मॅडमनी बरोबरची खूण केलीय. ते पोर तिथंच राहू दे. तुमच्या अख्ख्या गावात माझ्या भरवशाचं तेवढं एकच माणूस आहे.